प्लगची तार आणि मे महिन्यातलं ग्वाल्हेर

पावसाच्या पहिल्या सरीनंतर जुनी पेट्रोल गाडी मिसिंग करायला, म्हणजे झटके देत चालायला लागली, की सगळे पावसाला बोल लावतात. ‘प्लगच्या वायरीत पाणी गेलं’ हे मिस्त्रीचं निदान चुकीचंही नसतं. पण पाण्याला आत शिरायला वाट कुणी करून दिली, हा प्रश्न तिथेच राहतो. ती वाट मे-जूनमध्येच तयार झालेली असते. त्या दिवसांत ग्वाल्हेरचा पारा ४५ अंशांच्या घरात असतो, लू, म्हणजे तापलेला कोरडा वारा, सुटलेली असते, आणि बोनेटखाली तारेचं रबर रोज थोडं थोडं भाजून निघत असतं. भेग पडते मेमध्ये आणि कळते जुलैत. जुलैत निभावलं, तर डिसेंबर-जानेवारीच्या धुक्यात, सकाळी सेल्फ मारताना कळते.

विजेचा दाब वाढवणाऱ्या कॉइलपासून, किंवा ती वीज सिलिंडरांना वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरपासून, स्पार्क प्लगपर्यंत जाणारी ही तार म्हणजे एचटी (हाय टेन्शन) लीड. मिस्त्री तिला प्लग वायर म्हणतात. दिसायला बोटाहून बारीक, ७ किंवा ८ मिलिमीटर जाडीची, जुन्या लहान गाड्यांत त्याहूनही बारीक. तिच्यातून जाणारा विजेचा दाब मात्र हजारो व्होल्टचा. जुन्या पॉइंटवाल्या इग्निशनची कॉइल साधारण १५ ते २५ हजार व्होल्ट देऊ शकते, इलेक्ट्रॉनिक इग्निशनची ३० हजार आणि त्याहून जास्त. प्लगच्या फटीत ठिणगी उडायला नेहमीच्या चालीत ८ ते १५ हजार व्होल्ट पुरतात. या दोहोंमधला फरक म्हणजे इग्निशनची शिल्लक. गाडी ठणठणीत असताना ती कुणाच्या लक्षातही येत नाही. प्लगची फट झिजून वाढली, की त्या शिलकीतून थोडं जातं. तारेचा रोध वाढला, की आणखी थोडं. रबराला भेग पडून दाब बाहेर झिरपू लागला, की मोठा वाटा जातो. शिल्लक संपते तेव्हा गाडी झटके देते, आणि तेही रिकाम्या रस्त्यावर नाही, तर चढावर किंवा ओव्हरटेक करताना. कारण सिलिंडरमधल्या वायूचा दाब वाढला, की ठिणगीला लागणारे व्होल्टही वाढतात. न्यूट्रलमध्ये शिवणयंत्रासारखी एकसुरात चालणारी गाडी लोडवर अडखळत असेल, तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी प्लग आणि लीड बघावेत. उगाच जेट साफ करत बसण्यात कितीतरी दुपारी वाया जातात.

उष्णता तारेपर्यंत तीन वाटांनी येते, आणि प्रत्येक वाटेवरचा इलाज वेगळा आहे. हे न समजून घेता तारेवर सरसकट चकचकीत स्लीव्ह, म्हणजे उष्णतारोधक नळी, चढवली जाते, म्हणून इथे थोडं थांबतो.

पहिली वाट प्रारणाची. सिलिंडरांतला जळका वायू बाहेर नेणाऱ्या एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं ओतीव लोखंड नुसत्या आयडलिंगला २०० ते ३०० अंशांवर असतं आणि इंजिनावर जोर आला की ५०० च्या पुढे जातं. ही उष्णता हवेला न जुमानता सरळ रेषेत फेकली जाते, आणि ती निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. म्हणजे मॅनिफोल्ड ३०० वरून ५०० अंशांवर गेला, तर प्रारण तिपटीहून जास्त होतं. गंजलेल्या, काळपट लोखंडाचा पृष्ठभाग प्रारण फेकण्यात पटाईत असतो. ५०० अंशांच्या अशा मॅनिफोल्डला अगदी लगटून असलेल्या वस्तूवर भर दुपारच्या उन्हाच्या पंधरापटीहून जास्त उष्णता आदळते. दुसरी वाट वहनाची. प्लगचा षट्कोन तापतो, त्यावर बसलेला बूट, म्हणजे तारेच्या टोकाची रबरी टोपी, तापतो, आणि बुटातून ती उष्णता तारेच्या टोकाशी पोचते. तिसरी वाट बोनेटखाली कोंडलेल्या गरम हवेची. ग्वाल्हेरला ही तिसरी वाट विशेष नडते, कारण रेडिएटरच्या जाळीतून आत शिरणारी हवाच मुळात ४५ अंशांची असते.

इंजिन बंद केल्यावर काय होतं, ते तर बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. बंद करताच पाण्याचा पंप थांबतो, पंखा थांबतो, समोरची हवा थांबते. मॅनिफोल्ड आणि सिलिंडर हेड मात्र तापलेलेच असतात. पुढची दहा ते वीस मिनिटं बोनेटखालचं तापमान उतरायच्या ऐवजी चढतं. महाराज बाड्याच्या गर्दीतून पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये रांगत आलेली गाडी सावली न बघता भर उन्हात बंद केली, तर त्या वेळात तारांना मोकळ्या हमरस्त्यावरच्या धावेपेक्षा जास्त सोसावं लागू शकतं. किल्ल्यावर उरवाई दरवाज्याकडून चढणाऱ्या गाड्यांचंही तेच. खालचा गिअर, पूर्ण लोड, वेग जेमतेम, आणि वर पोचल्यावर लगेच चावी बंद. तिथे इंजिन मिनिटभर आयडलवर ठेवून मग बंद करावं, एवढीच साधी गोष्ट. रेडिएटरचा पंखा फिरत असला तर तो थांबेपर्यंत वाट बघावी.

रबर कोणतं आहे, यावर पुष्कळ ठरतं. स्वस्त, बिननावाच्या तारांचं आवरण पीव्हीसीचं असतं. चांगलं उष्णतारोधक पीव्हीसीसुद्धा १०५ अंशांपर्यंतच टिकतं, आणि मॅनिफोल्डजवळ ती मर्यादा रोज ओलांडली जाते. ईपीडीएम रबर १२० ते १५० अंश सोसतं. सिलिकोन रबर २०० अंशांच्या आसपास दीर्घकाळ राहू शकतं. म्हणून मॅनिफोल्डच्या बाजूने जाणाऱ्या तारांसाठी सिलिकोनच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. पण सिलिकोनची दुसरी बाजूही सांगायला हवी. ते उष्णतेला कणखर असलं, तरी फाटायला नाजूक असतं. पत्र्याच्या धारेला घासलं, की चिरतं. पेट्रोल आणि ऑइल लागलं, की फुगतं आणि मऊ पडतं. चांगल्या लीडमध्ये आत काचतंतूंची वीण असते, ती ताकदीसाठीच. आणि रबर कोणतंही असो, तापमान दर १० अंशांनी वाढलं की त्याचं आयुष्य साधारण अर्ध्यावर येतं, हा ढोबळ ठोकताळा तंत्रज्ञ वापरतात. म्हणजे तारेजवळचं तापमान २० अंशांनी कमी करता आलं, तर तीच तार जवळपास चौपट टिकू शकते.

आता कामाचा क्रम. मी क्रमावर हट्ट धरतो, कारण बहुतेक जण शेवटून सुरुवात करतात. दुकानात जाऊन स्लीव्ह आणतात, तारेवर चढवतात, आणि खालचा गळका गॅस्केट, म्हणजे मॅनिफोल्ड आणि इंजिन यांचा जोड बंद करणारा थर, तसाच राहतो.

सर्वांत आधी मॅनिफोल्डचा गॅस्केट. थंड इंजिन सुरू करताच हेडच्या बाजूने ‘टिक-टिक-टिक’ असा आवाज येतो आणि इंजिन तापल्यावर कमी होतो, तर बहुधा मॅनिफोल्डमधून जाळ निसटतोय. व्हॉल्व्हच्या टॅपेटचा आवाज आणि हा आवाज सारखे वाटू शकतात, म्हणून जोडाभोवती काजळीचा काळा पट्टा दिसतो का, ते बघावं. त्या फटीतून कित्येक शे अंशांचा वायू फुंकणीसारखा बाहेर येतो. तो तारेवर आदळत असेल, तर जगातली कुठलीही स्लीव्ह फार दिवस टिकणार नाही. नट घट्ट करून भागतं का बघावं, नाहीतर गॅस्केट बदलावा. स्टड गंजलेले असतील तर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल लावून ठेवावं. ओतीव लोखंडात तुटलेला स्टड काढणं हा दिवसभराचा उद्योग होतो.

त्यानंतर टायमिंग, म्हणजे ठिणगी उडायची वेळ, आणि हवा-पेट्रोलचं मिश्रण. टायमिंग मागे गेलं असेल, तर पेट्रोल उशिरा जळतं, आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्च व्हायची, ती एक्झॉस्टमध्ये जाते. मॅनिफोल्ड विनाकारण तापतो. आणखी एक दुष्टचक्र कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धुरातले घातक वायू निवळणारा भाग) असलेल्या गाड्यांत दिसतं. लीड खराब, म्हणून मिसिंग. मिसिंग, म्हणून न जळालेलं पेट्रोल कन्व्हर्टरमध्ये. तिथे ते जळून कन्व्हर्टर तापतो. कन्व्हर्टर मॅनिफोल्डला लागून असला तर ती उष्णता पुन्हा तारांवर. म्हणून एक लीड गेलेली असताना ‘चालतंय तोवर चालवू’ म्हणणं महागात पडतं. लीड काढून ठेवून गाडी चालवणं तर त्याहून वाईट. तिथे कॉइलच्या दाबाला निघायला जागा राहत नाही आणि तिचं आतलं आवरण फुटू शकतं.

मग येते तारेची वाट. कारखान्यातून गाडी निघते तेव्हा प्रत्येक तारेला क्लिपा आणि खाचांच्या पट्ट्या असतात. त्या पट्ट्या शोभेसाठी नसतात. दहा-पंधरा वर्षांत त्या तुटतात, हरवतात, आणि तारा मोकळ्या लोंबू लागतात. मग एखादी मॅनिफोल्डवर टेकते, एखादी टॅपेट कव्हरवर घासते. उष्णतेशी लढण्यातला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय म्हणजे अंतर. मॅनिफोल्डपासून तार किमान ५ सेंटिमीटर लांब असावी, जमल्यास जास्त. नवी तार घेताना मूळच्या लांबीचीच घ्यावी. आखूड तार ताणली जाऊन सरळ रेषेत, म्हणजे हमखास गरम जागेवरून जाते. फार लांब तार लोंबते. वळण तीव्र नको. तारेच्या जाडीच्या पाचपट तरी त्रिज्या ठेवावी, कारण आतला कार्बनचा गाभा तीव्र वळणावर तुटतो. दोन तारा एकमेकींना चिकटून, लांबवर समांतरही नेऊ नयेत. एकीतला दाब दुसरीत उमटून भलत्या सिलिंडरला ठिणगी मिळू शकते.

बांधायला साधा नायलॉनचा टाय वापरला जातो. तो सुमारे ८५ अंशांपर्यंतच भरवशाचा असतो. बोनेटखाली तो आधी पिवळा पडतो, मग कडक होतो आणि एक दिवस कट्कन तुटून तार थेट मॅनिफोल्डवर सोडतो. उष्णता सोसणारे वेगळे टाय मिळतात, ते घ्यावेत. त्याहून बरं म्हणजे टॅपेट कव्हरच्या बोल्टखाली छोटी पत्र्याची पट्टी बसवून तिला रबरी अस्तराची क्लिप लावावी. उघड्या स्टीलच्या टायने तार आवळू नये. तो रबरात रुततो आणि दाबाला बॉडीत उतरायची वाट मिळते.

गाडीगाडीत या कामाचं गणित बदलतं. अँबॅसेडरच्या १४८९ सीसी इंजिनात कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट एका बाजूला आहेत, तर प्लग आणि डिस्ट्रिब्युटर दुसऱ्या. त्यामुळे तिच्या तारांना मॅनिफोल्डची थेट झळ लागत नाही, आणि तिथे पैसे स्लीव्हवर न घालता चांगल्या बुटांवर घालावेत. ओम्नीचं उलट आहे. इंजिन पुढच्या सीटखाली, हवा जेमतेम, त्यातून शाळेची मुलं किंवा दौलतगंजातला माल भरून दिवसभर थांबत-थांबत चालणारी गाडी. तिच्या बाबतीत सगळे उपाय करावे लागतात. सीएनजी किंवा एलपीजी बसवलेली असेल तर आणखी जपावं लागतं. वायूच्या मिश्रणातून ठिणगी उडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्ट लागतात, म्हणजे शिल्लक मुळातच कमी. तिथे प्लगची फट थोडी कमी, ०.७ ते ०.८ मिलिमीटर ठेवण्याचा रिवाज आहे आणि तो बरोबर आहे. पुष्कळ नव्या गाड्यांत प्रत्येक प्लगवर स्वतंत्र कॉइल बसते, लांब तारा नसतातच. पण तिथेही कॉइलखालचा रबरी बूट तापून कडक होतो, हे विसरू नये.

आता हीट शील्ड. जुन्या गाड्यांच्या मॅनिफोल्डवरचा पत्रा बहुतेकदा गायब असतो. त्याचा एखादा बोल्ट निखळतो, पत्रा खडखडतो, मालक आवाजाची तक्रार करतो, आणि पत्रा काढून कोपऱ्यात टाकला जातो. आवाज थांबतो, मालक खूश होतो. मला हे बघून खरोखर वाईट वाटतं, कारण त्या एका पत्र्याने तारांचं, बुटांचं आणि शेजारच्या प्लास्टिकच्या कनेक्टरांचं रक्षण होत होतं. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांना उन्हाच्या बाजूला ओसरी का ठेवली, हे ज्याला ठाऊक आहे त्याला शील्डचं तत्त्व निराळं समजावावं लागणार नाही: ऊन झेलणारं एक छत, आणि छत व भिंत यांच्यामध्ये खेळती हवा. पत्रा आणि मॅनिफोल्ड यांच्यात १० ते १५ मिलिमीटर अंतर हवं, आणि पत्रा ते तार आणखी २० ते २५ मिलिमीटर. पत्रा मॅनिफोल्डला चिकटवून बसवला, तर तो स्वतःच दुसरा मॅनिफोल्ड होतो.

मूळ शील्ड मिळत असेल तर तेच घ्यावं. भंगार बाजारात त्याच मॉडेलचं पुष्कळदा मिळून जातं. करून घ्यायचं असेल तर अर्धा मिलिमीटर जाडीचा स्टेनलेस स्टीलचा पत्रा घ्यावा. पत्र्याचं काम करणारे कारागीर हाताशी असतो म्हणून जीआय पत्रा सुचवतील. त्याला नको म्हणावं. त्यावर जस्ताचा थर असतो, जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, आणि मॅनिफोल्डजवळ तो थर टिकत नाही. ॲल्युमिनियम ६६० अंशांना वितळतं, पण त्याची ताकद त्याच्या खूप आधीच कमी होऊ लागते. म्हणून ते मॅनिफोल्डला लागून नको, थोडं दूर दुसरं शील्ड म्हणून १ मिलिमीटर जाडीचं चालेल. आधी पुठ्ठ्याचा साचा कापून जागेवर धरून बघावा. स्पॅनर जाईल का, डिपस्टिक निघेल का, इंजिन हललं की पत्रा कशाला लागेल, हे सगळं पुठ्ठ्यावर कळतं. कडा दुमडून घ्याव्यात, नाहीतर हात आणि तारा दोन्ही चिरतील. मॅनिफोल्डच्याच स्टडवर स्टीलचे बुशिंग देऊन, मोठ्या वॉशरसह पत्रा बसवावा. बोल्टाच्या भोकांना थोडी ढील ठेवावी. गरम होऊन लोखंड फुगतं, आणि ढील नसेल तर पत्रा भोकाशीच तडकतो. पुढच्या खडखडाटाचं मूळ तिथेच असतं.

मॅनिफोल्डला काचतंतूंची पट्टी गुंडाळायची पद्धत आहे. रेसिंगच्या गाड्यांत तिला जागा आहे. रोजच्या गाडीला मी ती सुचवणार नाही. पट्टी ओलावा धरून ठेवते, खालचं लोखंड जास्त तापून तडकू शकतं, आणि वरून ऑइल ठिबकलं तर ती तेलाने भिजून पेटण्याचा धोका असतो. आपल्या जुन्या गाड्यांत टॅपेट कव्हरच्या गॅस्केटमधून ऑइल ठिबकतच असतं.

एवढं झाल्यावर स्लीव्ह. बाजारात मुख्यत्वे तीन प्रकार दिसतात. साधी काचतंतूंची विणलेली नळी ५०० अंशांच्या आसपास टिकते, पण घासून विसविशीत होते. सिलिकोनचा थर दिलेली काचतंतूंची नळी, बहुधा विटकरी रंगाची, २६० अंशांपर्यंत सलग चालते आणि ऑइल-पाण्याला दाद देत नाही. तिसरी चंदेरी, ॲल्युमिनियमचा मुलामा दिलेली. ती प्रारण परतवते, म्हणून मॅनिफोल्डच्या समोर तिचा खरा उपयोग. पण तिच्या दोन अडचणी आहेत. धूळ आणि ऑइलचा थर बसला, की चकाकी जाते आणि चकाकीबरोबर तिचं कामही. दुसरी जास्त महत्त्वाची: ती धातू आहे. तारेच्या टोकाशी, बुटाच्या तोंडापर्यंत ती ओढून आणली, तर दाब बुटाच्या कडेवरून तिच्यावर उडी मारतो आणि तिथून बॉडीत. म्हणून चंदेरी स्लीव्ह बुटाच्या कडेपासून किमान २५ मिलिमीटर मागे संपवावी. संपूर्ण लांबीभर, तारेला घट्ट आवळून चढवलेली धातूची स्लीव्ह बॉडीला टेकत असेल, तर तार आणि स्लीव्ह मिळून एक कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारी जोडी, तयार होतो आणि कॉइलची थोडी ऊर्जा तो भरण्यातच जाते. पुन्हा शिल्लकच घटते. नेहमीच्या कामाला सिलिकोनच्या थराची विटकरी नळीच मला सर्वांत शहाणपणाची वाटते.

बसवताना इंजिन पूर्ण थंड असावं, म्हणजे संध्याकाळी बंद केलेली गाडी सकाळी. बॅटरीची निगेटिव्ह सोडावी. मोबाइलवर एक फोटो काढून, तारांना चिकटपट्टीवर क्रमांक लिहून लावावेत. मारुती ८०० च्या तीन सिलिंडरांचा क्रम १-३-२, बहुतेक चार सिलिंडरांच्या इंजिनांचा १-३-४-२. तारा उलटसुलट झाल्या तर गाडी सुरू होणार नाही किंवा कार्ब्युरेटरमधून ठोका देईल. तार कधीही तारेला धरून ओढू नये. बूट मुठीत धरून, पाव वळसा इकडे, पाव वळसा तिकडे देऊन चिकटलेला जोड सोडवावा आणि मग सरळ वर काढावा. भाजलेला बूट प्लगला चिकटून बसतो, आणि तार ओढली की आतला कार्बनचा गाभा टर्मिनलपाशी तुटतो. बाहेरून काही दिसत नाही. प्लग काढायच्या आधी त्याच्या खोबणीत हवा मारावी, नाहीतर ग्वाल्हेरची वाळू सरळ सिलिंडरमध्ये.

तार हातात आहे तोवर रोध मोजणारा मल्टिमीटर लावून घ्यावा. कार्बन गाभ्याच्या तारेचा रोध दर मीटर लांबीला साधारण १० ते २० किलो-ओहम असतो. म्हणजे अर्ध्या मीटरच्या तारेला ५ ते १० किलो-ओहम दिसायला हवेत. वेटोळ्याच्या धातूतारेचा गाभा असेल तर त्याहून बराच कमी. नेमका आकडा त्या गाडीच्या पुस्तकात असतो, पण खरी परीक्षा तुलनेची आहे. लांबीच्या प्रमाणात सगळ्या तारा एका ओळीत असाव्यात. मोजताना तार हलकेच वाकवावी. आकडा उड्या मारत असेल, तर गाभा तुटला आहे. मात्र एक लक्षात ठेवावं: मीटरच्या छोट्या बॅटरीचा दाब काही व्होल्टचा असतो, त्याने गाभा तपासला जातो, आवरण नाही. मीटरने पास केलेली तारसुद्धा भेगाळलेली असू शकते. आवरणासाठी तार वाकवून उजेडात बघावी, बुटाच्या आत टॉर्च मारावा. आत पांढुरकी किंवा काळी बारीक रेघ दिसली, तर ती दाब सरकल्याची खूण. प्लगच्या चिनी मातीवरही तशीच रेघ असेल. तिथे बूट आणि प्लग दोन्ही बदलावे लागतात. एकच बदलला, तर जुनी रेघ नव्यालाही तीच वाट दाखवते.

स्लीव्हचा आतला व्यास ७-८ मिलिमीटरच्या तारेसाठी १० ते १२ मिलिमीटर घ्यावा. थोडी सैल हवी, आतली हवा हाच अर्धा बचाव आहे. तार कुठे तापते तो टप्पा मोजून त्याच्या दोन्ही बाजूंना ५-५ सेंटिमीटर जास्त कापावी. पूर्ण तार झाकायची गरज नाही. कापताना हातमोजे आणि तोंडाला रुमाल, कारण काचेचे तंतू कातडीत शिरले की खाज दिवसभर जात नाही. टोकांना स्वतःलाच चिकटणारी सिलिकोनची टेप तीन वेढे द्यावी. साधी काळी इन्सुलेशन टेप नको. तिचा डिंक उष्णतेने वितळून ओघळतो आणि धूळ धरतो. बूट मॅनिफोल्डला फारच जवळ असतील, तर त्यांच्यावर चढवायचे जाड काचतंतूंचे वेगळे मोजे मिळतात. बुटाच्या तोंडाला आतून सिलिकोन ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवावा. पुढच्या वेळी बूट चिकटत नाही आणि ओल आत जात नाही. चाकांना भरतात ते नेहमीचं ग्रीस नको, ते सिलिकोन फुगवतं. बूट बसवताना ‘टक्’ आवाज ऐकू यावा. अर्धवट बसलेल्या टर्मिनलमध्ये ठिणगी उडत राहते आणि तिथेच उष्णता तयार होते.

सगळं जोडल्यावर रात्री, अंधारात, मोकळ्या जागी गाडी सुरू करून बोनेट उघडावं. आधी पेट्रोलचा वास येत नाही याची खात्री करून घ्यावी. तारांवर निळसर झळाळी किंवा ठिणग्या दिसतात का, ‘टक्-टक्’ ऐकू येतं का, बघावं. मग फवाऱ्याच्या बाटलीने तारांच्या आसपास पाण्याचं बारीक धुकं उडवावं. पावसाळ्यात जे होणार आहे, ते आत्ताच दिसेल. इंजिन चालू असताना तारांना हात लावू नये. धक्क्याने हात झटकला जातो आणि तो फिरत्या पंख्याकडे किंवा तापलेल्या मॅनिफोल्डकडेच जातो. ज्यांना पेसमेकर बसवलेला आहे, त्यांनी चालू इग्निशनपासून लांबच राहावं.

नंतर अर्धा तास गाडी फिरवून, थांबवून, दहा मिनिटांनी इन्फ्रारेड थर्मामीटरने तारांच्या आसपास तापमान बघावं. या यंत्राला चकचकीत पृष्ठभाग फसवतो. चंदेरी स्लीव्ह किंवा नवा पत्रा ते खऱ्यापेक्षा खूप थंड दाखवतं. नेम रबरावर धरावा, किंवा पत्र्यावर उष्णता सोसणाऱ्या काळ्या रंगाचा ठिपका देऊन त्यावर. नव्या स्लीव्हमधून पहिल्या दिवशी थोडा वास येऊ शकतो. दुसऱ्या दिवशीही आला, तर काहीतरी टेकलेलं आहे.

तपासणीचे महिने ग्वाल्हेरला दोनच पुरतात: होळीनंतर, लू सुरू व्हायच्या आधी, आणि जूनच्या शेवटी, पावसाच्या तोंडावर. त्या वेळी बूट बोटाने दाबून बघावा. मऊ आणि लवचीक असेल तर ठीक, दाबल्यावर कडक लागला किंवा चिरा उघडल्या तर पूर्ण सेट बदलावा. एकच लीड बदलून बाकीच्या जुन्या ठेवण्यात मला अर्थ वाटत नाही; त्याच उष्णतेत, तेवढीच वर्षं भाजलेल्या त्याही आहेत. काढलेल्या सेटमधली सर्वांत लांब आणि मीटरला बरोबर उतरलेली तार मात्र फेकू नये. ती एका जुन्या प्लगसोबत आणि प्लग पान्यासोबत कापडात गुंडाळून डिकीत ठेवावी. लांब असल्यामुळे ती कुठल्याही सिलिंडरला पुरते, आणि शिवपुरीच्या रस्त्यावर दुपारी एखादी तार गेलीच, तर पुढच्या गावापर्यंत गाडी सगळ्या सिलिंडरांवर नेता येते.